चौथ्या प्रतिज्ञेवरचं गाणं

मंगरूळपीरच्या बस स्टँडमागच्या वस्तीत बेबीताईंचं घर आहे. दारावर पाटी नाही. पुढच्या खोलीच्या खिडकीत शिवून झालेले ब्लाऊज लटकत असतात, त्यावरून लोक घर ओळखतात. ज्या बाईला ब्लाऊज शिवायचाय तिला घर सापडतं आणि जिला शिवायचा नाही तिनं यायचं कारण नाही, असं बेबीताईंचं म्हणणं.

कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय त्या घरात घेत नाहीत. वाशीमला मिक्सर घ्यायला गेल्या तेव्हा घरून भिजवलेली उडदाची डाळ डब्यात नेली होती. दुकानदार म्हणाला, बाई, असं कोणी करत नाही. बेबीताई म्हणाल्या, म्हणूनच लोकांचे मिक्सर बिघडतात. डाळ तिथंच वाटली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि दुसरा मिक्सर काढायला लावला. कापड घेताना त्या त्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालावर घासतात. नवरा तेवढा न तपासता घेतला, हे त्या गिऱ्हाइकांना सांगतात. शेषराव आतल्या खोलीत असले तर जरा मोठ्यानं.

शेषराव एसटीत ड्रायव्हर. माणूस कमी बोलणारा. डेपोत कोणी ड्युटी सांगायला आलं की ते नुसती मान डोलावत. पण ती मान एकदा डोलली की ड्युटी लागली. मग अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, शेषराव वेळेवर गाडीवर हजर. इतरांच्या सह्या घ्याव्या लागतात, शेषरावची मान पुरते, असं डेपोतले लोक म्हणत. घरी मात्र त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं.

"एका गाडीले दोन ड्रायवर नसतात."

त्यावर बेबीताईंचं उत्तरही ठरलेलं.

"कंडक्टरनं घंटी देल्याबिगर गाडी हालत नाई."

एवढ्यावर त्यांचा संसार तीस वर्षांच्या जवळ आला होता आणि बरा चालला होता. वाद एकच होता, आणि तो लग्नाच्या दिवसापासूनचा होता.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरानवरी पाच-पाच प्रतिज्ञा घेतात. बौद्धाचार्य मायकवरून एकेक वाक्य सांगतात, आधी नवरदेव आणि मग नवरी त्यांच्यामागून म्हणते. नवरदेवाची चौथी प्रतिज्ञा अशी असते की घरातली सत्ता मी पत्नीच्या हाती सोपवीन. बाकीच्या चारांवर कोणी वाद घालत नाही, कारण त्या मोडल्या तरी लगेच दिसत नाहीत. चौथीचं तसं नाही. शेषरावांचं म्हणणं असं की आपल्या लग्नात आपण पहिली, दुसरी, तिसरी आणि पाचवी म्हटली; चौथी म्हटलीच नाही. ही गोष्ट ते मोठ्या अभिमानानं सांगत. नात्यातल्या कोणत्याही लग्नात नवरदेव चौथीपर्यंत आला की मांडवातली चार डोकी शेषरावांकडे वळत आणि शेषराव खाली बघून हसत. एखादा होणारा नवरदेव भेटला तर त्याला बाजूला घेऊन सांगत, "चौथीले खोकला काढजो."

बेबीताई प्रत्येक वेळी म्हणत, "म्हटली होती. मी माह्या कानानं आयकली."

दोघंही खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. म्हणून तर वाद मिटत नव्हता. लग्न लावणारे वानखडे गुरुजी वारले होते. लग्नाला हजर असलेल्या ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना त्या दिवसाचं जेवण आठवत होतं.

शेषरावांचं रिटायर होणं जवळ आलं तेव्हा एके दिवशी ते ड्युटीवरून आले, पाय धुतले आणि म्हणाले, "माणिकनं दोन खोल्या रिकाम्या केल्या. आपन आता कामरगावले राहू."

माणिकराव म्हणजे शेषरावांचा धाकटा भाऊ. कामरगावला वडिलांच्या जागेवर त्याचं घर आहे.

बेबीताई बाही कापत होत्या. त्यांनी ती पूर्ण कापली, कात्री ठेवली आणि मग विचारलं, "मले इचारलं काय?"

"आता सांगून राह्यलो ना."

"मी म्हटलं, मले आधी इचारलं होतं काय."

"माणिकले मी हो म्हटलं. शब्द देला. हे घर किरायानं देऊ. एक मास्तर रविवारी पाहाले येते, बायकोले घेऊन."

कामरगाव वाईट नाही. गाव मोठं आहे, बाजार आहे, जीपगाड्या आहेत. पण हे घर बेबीताईंनी उभं केलं होतं. विटा मोजून घेतल्या त्यांनी, गवंड्याशी भांडल्या त्या, आणि स्लॅब पडला त्या दिवशी शेषराव पुसदच्या गाडीवर होते. कामरगावात गेलं तर त्या माणिकरावची वहिनी होणार होत्या. मंगरूळपीरला शेषराव हे बेबीताईंचे मिस्टर होते. हा फरक शेषरावांना कळत नव्हता असं नाही. कळत होता म्हणूनच बहुतेक ते कामरगावला निघाले होते.

"सर्वांसमोर तुमी घराची सत्ता माह्या हाती देली," बेबीताई म्हणाल्या. "ते कोनाले इचारून वापस घेतली?"

"चौथी मी म्हटलीच नाई."

"म्हटली."

"मंग आयकव. लग्नाची कॅसेट हाये ना? चौथी आयकू आली, तर मी त्याच वक्ताले माणिकले फोन करतो. का बा, आमी येत नाई. नाई आयकू आली, तर तू सामान बांधजो."

आणि त्यांनी मान डोलावली. म्हणजे आता ते पक्कं झालं.

शेषराव एवढ्या खात्रीनं बोलले त्याला कारण होतं. लग्नाची कॅसेट घरात सगळ्यांनी अनेकदा पाहिली होती. तिसऱ्या प्रतिज्ञेच्या शेवटी जे सिनेमातलं गाणं सुरू होतं ते थेट फुलं उधळेपर्यंत थांबत नाही. चौथी प्रतिज्ञा पूर्ण गाण्याखाली आहे. चित्रात शेषरावांचा चेहरा दिसतो. गुरुजींचा मायक धरलेला हात मध्ये आल्यानं नवरी दिसत नाही, फक्त तिचा पांढरा पदर दिसतो. शेषराव एकदा बाजूला बघतात, मग मान खालीवर करतात. ते मान का हलवतात, हे घरातल्या प्रत्येकानं कधी ना कधी विचारलं होतं. शेषराव सांगत, हाराची सुतळी टोचत होती.

पण पूर्वी टीव्हीवर कॅसेट लावली की त्या गाण्याच्या खालून कोणीतरी पुटपुटल्यासारखा आवाज येई. शब्द कळत नसत, पण गुरुजी आहेत एवढं कळे. बेबीताईंचा सगळा भरवसा त्या पुटपुटण्यावर होता.

कॅसेटची पुढं सीडी झाली होती आणि सीडीवरचं लग्न मुलीनं, पल्लवीनं, घरच्या कंप्युटरमध्ये टाकून ठेवलं होतं. पल्लवी आता नागपूरला नोकरी करते. कंप्युटर मागे राहिला. बेबीताईंनी उरलेल्या अस्तराचं झालरवालं कव्हर शिवून त्याला घातलं होतं आणि वर्षभर त्यावर वाळलेले ब्लाऊज ठेवले होते. त्यांनी ब्लाऊज उचलले, कव्हर काढलं आणि पल्लवीला फोन लावला.

कंप्युटरमध्ये जो व्हिडिओ प्लेअर आधीपासून होता त्यानं लग्न लावायलाच नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत एक पाटी आली. पल्लवीनं ती फोनवर वाचायला लावली.

"तो म्हणतो, या प्रकारची फाइल मला चालत नाही," पल्लवी म्हणाली.

"याले काय चालते मंग?"

"आई, दुसरा घ्यावा लागेल. नेटवर फुकट मिळतात."

"फुकट काहून?"

"फुकटच असतात बहुतेक."

बेबीताईंना हे आवडलं नाही. पण घ्यायचाच तर एक घेऊन चालणार नाही, चार आणून समोर ठेवू आणि पाहू, असं त्यांनी ठरवलं. पल्लवी फोनवरून सांगत गेली, बेबीताई माऊस हलवत गेल्या. माऊस त्या कापडावरून इस्त्री फिरवावी तसा दाबून फिरवत, त्यामुळे बाण जागा सोडून जायला भीत असे.

पहिला प्लेअर घरात येताना एकटा आला नाही. त्यानं सोबत दोन आणखी गोष्टी आणल्या, ज्या कोणी मागवल्या नव्हत्या. एक पडद्याच्या वर जाऊन बसली आणि दुसरी कोपऱ्यातून सारखी विचारू लागली की तुमचा कंप्युटर साफ करून देऊ का. बेबीताई म्हणाल्या, आमच्या घरी झाडू हाये. तो प्लेअर पल्लवीनं काढायला लावला. तो जाताना, मले काहून काढता, असं विचारून गेला.

दुसऱ्याचं रूप चांगलं होतं. काळा रंग, त्यावर निळे-हिरवे दिवे. ड्युटीवरून आलेले शेषराव मागे उभे राहून म्हणाले, "हा ठीक हाये. डॅशबोर्डासारका दिसते." त्यानं लग्न लावलं. चित्र आलं, मांडव आला, बाबासाहेबांचा फोटो आला, मावशी भात वाढताना आल्या. तिसरी प्रतिज्ञा आली आणि गाणं सुरू झालं. इतकं साफ की तबल्याची थाप वेगळी कळावी.

गाण्याखाली काहीच नव्हतं. पुटपुटणंही नव्हतं.

"वा," शेषराव म्हणाले. "किती साफ येऊन राह्यलं गानं." आणि ते हात धुवायला गेले.

बेबीताईंनी ते पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी आणखी एक प्लेअर घेतला. त्याच्यावर लहान नारंगी शंकूचं चिन्ह होतं, रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात तसलं. शेषराव टॉवेलनं तोंड पुसत आले आणि त्यांनी चिन्ह पाहिलं.

"हा कायले घेतला? असा शंकू दिसला का ड्रायवर गाडी थांबवते."

"तुमाले कोन चालवाले सांगतलं?"

शंकूवाल्यानंही लग्न लावलं. कसलाही नखरा केला नाही, सोबत कोणाला आणलं नाही. पण गाण्याखाली त्याच्याकडेही काही नव्हतं. बेबीताईंनी त्याला काढून टाकलं. ज्याच्याकडून काम होत नाही तो शांत असला म्हणून काय उपयोग.

रात्रीचा स्वयंपाक करताना त्यांच्या डोक्यात एकच होतं. टीव्हीवर गुरुजी गाण्याखाली होते. इथं नाहीत. कापड तेच आहे, मग अस्तर कुठं गेलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या फय्याजभाईंच्या दुकानात गेल्या. फय्याजभाईंची बायको मेहरबी हिचा कुर्ता शिवून झाला होता, तो द्यायचाही होता. फय्याजभाई पूर्वी तालुक्यातली निम्मी लग्नं कॅमेऱ्यात उतरवत. बेबीताईंचं लग्न त्यांनीच उतरवलं होतं. आता ते मोबाइलची कव्हरं विकतात आणि पासपोर्टचे फोटो काढतात.

"फय्याजभाई, आमच्या लग्नाची गाण्याबिगरची कॅसेट हाये काय?"

"ताई, त्या मूळ कॅसेटवर मंग दुसऱ्याची शादी उतरवली, तिच्यावर तिसऱ्याची. तीन घरं त्या एका कॅसेटवर बसली."

"गानं टाकलंच कायले पन?"

"लोकंच म्हनत, बोलन्यावर गानं टाका, नाईतर पाहानारे उठून जातात. आमी टाकत होतो." ते कुर्त्याची शिलाई उलटून पाहत म्हणाले, "पन तुमच्या कॅसेटात बोलनं असन अजून."

"असन म्हंजे?"

"त्या साली आमच्या आवाज मिळवाच्या मिक्सरची एक बाजू बिघडली होती. दोन आवाज एकमेकांत मिळतच नव्हते. मंग काय केलं, गानं टाकलं उजव्या बाजूनं, मायक राहू देला डाव्या बाजूनं. तवा टीव्हीले भोंगा एकच राहे. दोन्ही आवाज त्यातूनच निंगत. गानं जोरात, मायक दबून जाये. कोनाले पत्ता लागला नाई."

"म्हंजे गुरुजींचं बोलनं तुमी मुद्दाम राहू देलं?" बेबीताईंचा आवाज थोडा मऊ झाला. "पुसलं नाई?"

"पुसता येत नव्हतं, ताई," फय्याजभाई म्हणाले. "पुसता आलं असतं तर पुसलं असतं. तुमी असं करा, कंप्युटरले दोन स्पीकर असतात ना? उजवा बंद करा, डावा चालू ठेवा. गुरुजी भेटून जातीन."

घरी कंप्युटरला दोन स्पीकर होते. त्यातल्या डाव्याची वायर उंदरानं खाल्ली होती. गुरुजी डावीकडून येत होते आणि डावीकडे दार बंद होतं.

"डेपोतून येताना एक स्पीकर आना," बेबीताईंनी शेषरावांना सांगितलं आणि कशासाठी तेही सांगितलं. लपवून काही करायची त्यांना सवय नव्हती.

शेषराव म्हणाले, "पाहातो." मान डोलावली नाही. म्हणजे येणार नाही हे बेबीताईंना तिथंच कळलं. त्या दिवशी आला नाही. पुढच्या दिवशी दुकान बंद होतं. त्याच्या पुढच्या दिवशी दुकान उघडं होतं पण शेषरावांना आठवण नव्हती, आणि वाशीमहून आलेल्या माणसाला इतकं कुठं आठवतं, असं त्यांनीच सांगितलं. तोवर माणिकरावचे दोन फोन येऊन गेले होते की खोल्यांना चुना मारला.

बेबीताईंनी नागपूरला फोन लावला.

"पल्लवी, मले असा प्लेअर पाह्यजे का डाव्या बाजूचा आवाज उजव्या स्पीकरातून आला पाह्यजे. बाकी त्याचं रूप कसं का असना."

पल्लवीनं थोडा वेळ घेतला, बहुतेक ऑफिसात कोणाला तरी विचारलं असावं, आणि मग म्हणाली, "आई, तो शंकूवाला आहे ना, त्यात आहे ते. आवाजाच्या यादीत जायचं, तिथं स्टिरिओ म्हणून आहे, त्यात डावं निवडायचं. मग दोन्हीकडून डावंच येतं."

"तो तर मी काढून टाकला."

"का?"

"शांत होता," बेबीताई म्हणाल्या. "परत बोलाव त्याले."

पण बोलावून लगेच लावलं नाही. शेषरावांना सुट्टी रविवारी होती आणि त्यांच्या मागे ऐकणं बेबीताईंना पटत नव्हतं. पैज दोघांची होती.

रविवारी सकाळी त्यांनी शेषरावांना कंप्युटरसमोर खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शिवणकामाच्या स्टुलावर बसल्या. शंकूवाल्याला लग्न लावायला सांगितलं. भात वाढणाऱ्या मावशी गेल्या, पहिली प्रतिज्ञा गेली, दुसरी गेली. बेबीताईंनी यादी उघडली आणि डावं निवडलं.

गाणं सुरू व्हायच्या जागी गाणं सुरू झालं नाही.

मांडव ऐकू आला. खुर्च्या ओढल्याचे आवाज, एक रडणारं लेकरू, कोणीतरी लांबून "पानी आना रे" म्हणत होतं. तीस वर्षं कोणी न ऐकलेला मांडव. शेषराव खुर्चीत पुढे सरकले. मग वानखडे गुरुजींचा आवाज आला, शाळेत शिकवतात तसा, शुद्ध आणि सावकाश.

"प्रतिज्ञा चौथी. घरातली सत्ता मी माझ्या पत्नीच्या हाती सोपवीन. म्हणा."

पडद्यावर शेषराव समोर बघत होते. कोणी काही म्हटलं नाही. लेकरू रडत होतं.

"नवरदेव, म्हणा. घरातली सत्ता मी माझ्या पत्नीच्या हाती सोपवीन."

पुन्हा काही नाही.

खुर्चीतले शेषराव म्हणाले, "पाहा."

आणि तेवढ्यात स्पीकरमधून एक आवाज आला. बारीक, पण खणखणीत, एका दमात, एकही शब्द न सोडता.

"घरातली सत्ता मी माझ्या पत्नीच्या हाती सोपवीन."

तो आवाज बाईचा होता.

मांडवात हसण्याची लाट आली. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमच्या प्रतिज्ञा नंतर आहेत. ही नवरदेवाची." पुन्हा हसणं. गुरुजी हसणं संपायची वाट बघत थांबले असावेत. मग म्हणाले, "नवरदेव, यांनी म्हटलं ते तुम्हाला मान्य आहे का?"

पडद्यावरच्या शेषरावांनी बाजूला पाहिलं. पदर होता तिकडे. मग त्यांनी मान डोलावली, खालीवर, एकदाच.

"मान्य आहे," गुरुजी मायकवर म्हणाले. "प्रतिज्ञा पाचवी."

पाचवी शेषरावांनी एवढ्या मोठ्यानं म्हटली होती की स्पीकर थरथरला.

बेबीताईंनी माऊस दाबला. लग्न थांबलं. बस स्टँडवरून अकोल्याच्या गाडीची सूचना ऐकू येत होती.

"मी म्हटली नाई," शेषराव म्हणाले. "आयकलं ना? म्हटलीच नाई मी."

"नाई म्हटली," बेबीताई म्हणाल्या.

"तू म्हटली."

"हाव. मीच म्हटली. म्हनून माह्या कानाले आयकू आली होती." त्यांनी पडद्यावर थांबलेल्या नवरदेवाकडे बोट केलं. "तुमी चूप काहून होते पन?"

"मले वाटलं, गुरुजी अजून बोलून राह्यले."

बेबीताई उठल्या. पैज अशी होती की शेषरावांची चौथी ऐकू आली पाहिजे, आणि ती आली नव्हती. मेहरबीच्या दुसऱ्या कुर्त्याची कड राहिली होती. त्यांनी स्टूल मशीनसमोर ओढलं, टाचण्यांची डबी उघडली.

"एवढा कुर्ता देऊन टाकते," त्या म्हणाल्या. "मंग मशीन बांधा. खालचा पाय वेगळा करा लागते, नाईतर जीपमधी वाकते."

आणि त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या.

शेषराव जिंकले होते. ते खुर्चीवर बसून राहिले. मग त्यांनी माऊस हातात घेतला. कंप्युटरला त्यांनी आजवर हात लावला नव्हता, पण पुढे-मागे करायचं काम त्यांना समजत होतं. शंकूवाला त्यांच्या हाताखाली मुकाट मागे गेला. "नवरदेव, यांनी म्हटलं ते तुम्हाला मान्य आहे का?" मान डोलली. "मान्य आहे." शेषरावांनी पुन्हा मागे घेतलं. मान पुन्हा डोलली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या मानेवरून हात फिरवला, जिथं हार असतो तिथं.

"सुतळी टोचून राह्यली होती," ते म्हणाले.

बेबीताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मशीन चालवलं.

शेषरावांनी पुन्हा मागे घेतलं.

दारावर टकटक झाली. मास्तर आले होते, बायकोला घेऊन. मास्तर तरुण होते, बायकोच्या हातात टेप होती. पलंग बसतो का हे पाहण्यासाठी तिनं ती आणली होती. शेषरावांनी त्यांना बसायला सांगितलं नाही. ती दोघं दारातच उभी राहिली.

"काका, आपलं बोलणं झालं होतं," मास्तर म्हणाले. "घर पाहायला आलो."

"थांबा," शेषराव म्हणाले. "इचारून येतो."

ते आत आले. मशीनसमोर येऊन उभे राहिले. बेबीताईंनी पाय थांबवला आणि वर पाहिलं.

"किरायानं द्याचं काय घर?" शेषरावांनी विचारलं.

बेबीताईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी डोकं हलवलं, डावीकडून उजवीकडे, एकदाच.

शेषराव दारात गेले. "नाई म्हनते," ते मास्तरांना म्हणाले.

"पण काका, तुम्हीच तर..."

"हो. मीच म्हटलं होतं. पन इचारलं नव्हतं."

मास्तरांच्या बायकोनं टेप गुंडाळली आणि खिडकीतल्या ब्लाऊजांकडे बघत विचारलं, इथं शिवून मिळतात का. शेषरावांनी तिला दुपारनंतर यायला सांगितलं. मग ओट्यावर उभं राहून त्यांनी भावाला फोन लावला. आतपर्यंत एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"माणिक, आमचं येनं होत नाई. ... हाव, चुना मारला मले मालूम हाये. ... नाई, वहिनीनं नाई अडवलं. ते तर सामान बांधून राह्यली होती. ... मी मान डोलावली होती ना बा. ... आता नाई, लग्नात. सर्वांसमोर. गुरुजींनं मायकवर सांगतलं. तू होता ना मांडवात? काय करून राह्यला होता तू?"

बराच वेळ तिकडून माणिकराव बोलत होते.

"मले काय करा लागते वांग्याच्या भाजीचं," शेषराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते आत आले. बेबीताईंनी टाचण्या तोंडातून काढून एकेक करून कडेला लावल्या होत्या आणि कड सरळ बसली की नाही ते पाहत होत्या.

"तो डावा स्पीकर घेऊन या आता," त्या म्हणाल्या. "पल्लवी आली का पूर्न लग्न पाहू. दोन्ही बाजूनं."

शेषरावांनी मान डोलावली.

"तोंडानं म्हना," बेबीताई म्हणाल्या.

"आनतो," शेषराव म्हणाले.

बेबीताईंनी मशीनवर पाय ठेवला.